अ‍ॅक्टिव्ह बास गिटारमधील खरखर : चौथ्या निष्फळ फोननंतरची लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,

आपल्या ग्राहक सेवेशी आज माझे चौथ्यांदा बोलणे झाले आणि तेही निष्फळ ठरले, म्हणून हे लेखी कळवत आहे.

माझ्या चार तारांच्या अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे आवाजाचा संकेत वाढवणारे सर्किट असलेल्या) बासवर व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की अ‍ॅम्पमधून मोठी खरखर येते आणि नॉब थांबला की ती थांबते. वाद्य घेऊन पाच महिने झाले असून ते वॉरंटीत आहे. पहिल्या फोनवर केबल बदलायला सांगितले, तेव्हा तीन केबल आणि दोन अ‍ॅम्प बदलून पाहिले. त्याच केबलवर माझा दुसरा बास स्वच्छ वाजतो, आणि जॅकमधला प्लग हलवला तरी आवाज तुटत नाही. दुसऱ्या फोननंतर ९ व्होल्टची नवी बॅटरी घातली. तिसऱ्या फोननंतर पॉटमध्ये (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधकात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. खरखर तसूभरही कमी झाली नाही.

मात्र बास पॅसिव्हवर, म्हणजे प्रीअ‍ॅम्प वगळून, टाकला की तोच नॉब निमूटपणे फिरतो. या वाद्यात व्हॉल्यूमचा पॉट प्रीअ‍ॅम्पच्या आधी आहे आणि दोन्ही स्थितींत तोच वापरात असतो. त्यामुळे त्याचा कार्बनचा पट्टा खराब असता, तर पॅसिव्हमध्येही खरखर आली असती. ती फक्त अ‍ॅक्टिव्हमध्ये येते, याचा अर्थ प्रीअ‍ॅम्पमधला डीसी (एकदिश) विद्युतदाब पॉटपर्यंत पोहोचतो आहे, नॉब फिरवताना तोच खरखरतो, आणि तो अडवण्यासाठी बसवलेला इनपुटचा कपॅसिटर गळतो आहे. नॉब मध्यावर ठेवून पॉटचा मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर पॅसिव्हमध्ये शून्य आणि अ‍ॅक्टिव्हमध्ये ०.३ व्होल्ट दिसतात. आराखडा आपलाच असल्याने हे आपल्याला नवीन नसावे.

हे सर्व आज मी आपल्या प्रतिनिधीला शांतपणे सांगितले. त्यांनी विचारले, "वाजवताना आवाज नीट येतो ना?" मी हो म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही व्हॉल्यूम सारखा फिरवता कशाला? एकदा पूर्ण उघडून ठेवा, खरखर होणारच नाही." मी सांगितले की गायक हळू गात असताना मला आवाज उतरवावा लागतो आणि नेमकी त्याच क्षणी सभागृहभर खरखर ऐकू जाते. त्यांचे उत्तर होते, "ते अ‍ॅम्पवरून करा." मी वाजवत असतो, सर, माझे दोन्ही हात तारांवर असतात आणि अ‍ॅम्प पाठीमागे असतो! शेवटी ते म्हणाले की मी मागचे झाकण उघडले असल्याने वॉरंटी संपली. बॅटरी त्याच झाकणाखाली आहे, ती बदलण्यासाठी ते काढावे असे आपल्याच माहितीपुस्तिकेत छापले आहे आणि बॅटरी बदलण्याची सूचना आपल्याच माणसाने दिली होती.

जो नॉब फिरवण्यासाठी बसवला आहे, तो फिरवू नका असे वाद्य बनवणाऱ्या कंपनीने वादकाला सांगावे, हे मला अपमानास्पद वाटले. माझा पहिला बासही आपल्याच कंपनीचा, साधा पॅसिव्ह आहे. बारा वर्षांत त्याचा पॉट एकदाच साफ करावा लागला. त्याच विश्वासावर हा दुसरा बास मी दुकानात फार वेळ वाजवूनही न पाहता घेतला आणि आता प्रत्येक कार्यक्रमात माझा हात त्या नॉबकडे जायला कचरतो.

तिसऱ्या फोनच्या वेळी नवा पॉट पाठवण्याची तयारी आपण दाखवली होती. तो मला नको आहे, कारण डीसी गळत असेल तोवर नवा पॉटही असाच खरखरेल. प्रीअ‍ॅम्पचा संपूर्ण बोर्ड आपल्या खर्चाने बदलून द्यावा आणि झाकण उघडल्याने वॉरंटी संपलेली नाही, हे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास चारही फोनच्या नोंदी आणि मापनाची छायाचित्रे घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. बोर्ड बदलून दिल्यावर नॉब फिरवून दाखवावा, बास अ‍ॅक्टिव्हवर ठेवून.

आपला ग्राहक