डावीकडचे २ फूट

ती. आई आणि ती. पप्पा,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. शंभूचा खोकला गेला, आता त्याचं परत विचारू नका. थंडी पडायला लागलीय पण घर गरम असतं, स्वेटरसुद्धा लागत नाय घरात.

फोन सोडून लिहायला बसलो कारण फोनवर पप्पा दोन मिनिटांत "बरं बरं, ठेव आता, बिल येईल" म्हणतात (व्हॉट्सॅपला बिल येत नाय पप्पा, दहादा सांगितलंय) आणि आई निम्म्या वेळ शंभूचं फक्त कपाळ बघत बसते. बाळ्याला म्हणावं प्रिंट काढून दे, मोठ्या अक्षरात. निखिल मागं उभा राहून वाचतोय आणि "बायका लिहितात तसं लिही" म्हणतोय. लग्नाला सात वर्षं झाली तरी पुण्याच्या माणसाला अजून आपल्या कोल्हापूरच्या बायकांचं 'मी आलो, मी बसलो' पचत नाय.

तर त्या भिंतीचं. परवा कॉलवर हॉल दाखवला तर पप्पा, तुम्ही पहिलं काय म्हणालासा, "ही काय वाकडी भिंत, चूल एकीकडं, टीव्ही एकीकडं." आणि आईनं विचारलं हॉलमध्ये चूल कशाला. आणि मागनं आज्जीचा आवाज, अग्नी आग्नेयेला आहे का. मला तेव्हा काय सुचलं नाय, बरं बरं म्हणून फोन ठेवला, पण ते डोक्यात राहिलं, म्हणून आता सगळं नीट सांगतो.

आई, ती चूल नाय, फायरप्लेस आहे. इथं अमेरिकेत जुन्या काळी घर गरम करायला हॉलमध्ये भिंतीतच लाकडं जाळायचे आणि वर धुराडं. आता घर गरम करायला तळघरात मोठी भट्टी असते, तिची गरम हवा पाइपातनं सगळ्या खोल्यांत येते, म्हणजे फायरप्लेसचं तसं काय काम उरलेलं नाय. पण लोकांना ती पाहिजेच. घर विकायच्या जाहिरातीत फायरप्लेस आहे म्हणून पहिल्या ओळीत लिहितात, आपल्याकडं 'देवघर स्वतंत्र' लिहितात तसं. आणि आत लाकूड नसतंय! मातीची भाजलेली खोटी लाकडं असतात, हुबेहूब, साल निघाल्यासारखी, एक तर अर्धी जळाल्यासारखी काळी रंगवलीय. भिंतीवर पंख्याचं असतं तसं बटण आहे, ते दाबलं की खोट्या लाकडाखालनं गॅसची ज्योत येते, निळी नाय, मुद्दाम पिवळी, खरी वाटावी म्हणून. वास नाय, धूर नाय, राख नाय, त्यावर चहासुद्धा होत नाय. पुढं काच असते पक्की बंद. मागनं पाइपात पाइप बसवलेला आहे, बाहेरच्या पाइपातनं जळायला हवा आत येते आणि आतल्यातनं जळालेला वायू बाहेर जातो, म्हणजे घरातली हवा आणि आग यांची गाठच पडत नाय. आणि डिसेंबरात लोकं ह्याच्यावर मोजे टांगतात, नाताळचा म्हातारा धुराड्यातनं उतरून त्यात खाऊ भरतो म्हणून. आमच्या पाइपातनं तर उंदीर उतरायचा नाय. शंभूनं मागच्या वर्षी विचारलं म्हातारा कुठनं येणार, मी म्हटलं आपल्याकडं दारातनंच येतो, बेल वाजवून.

आणि हो, तुमच्या आधी मीच सांगतो, शंभू भाजणार नाय. काच तापते हे खरं आहे, आग बंद केल्यावरसुद्धा लई वेळ गरम राहते. २०१५ पासून इथं बनणाऱ्या गॅसच्या फायरप्लेसला काचेपुढं जाळी लावूनच विकायला लागतं, आमची त्याच्या आधीची आहे म्हणून आम्ही वेगळी जाळी आणून बसवलीय. विषारी वायूचा अलार्मही आहे, इथं मिनेसोटात कायदाच आहे की झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत तो पाहिजे. त्यामुळं "काळजी घे गं" आता पुरे. आज्जीला सांगा मी कंपास लावून बघितला, दिशा बरोबर आहे. (पप्पा, लावला नाय. पण तिला तसं सांगा.)

आता वाकडेपणाचं. भिंत १७ फूट. डावीकडच्या कोपऱ्यापासून २ फूट सोडून ५ फुटांची दगडी फायरप्लेस, तिच्यापुढं १६ इंच उंचीचा दगडी ओटा, आणि उजवीकडं १० फूट नुसती भिंत. बांधणाऱ्यानं अशी का बांधली कुणास ठाऊक. सगळे म्हणाले टीव्ही फायरप्लेसच्या वर लावा, इथं घरोघरी तसंच असतंय. निखिलही तेच म्हणत होता. मी टेप घेऊन मोजलं. फायरप्लेसवरची फळीच साडेचार फुटांवर आहे, त्याच्यावर ६५ इंची टीव्ही म्हणजे त्याचा मध्य सव्वासहा फुटांच्या आसपास जातो आणि आपण सोफ्यावर बसलो की डोळे साडेतीन फुटांवर. थेटरात पहिल्या रांगेत बसून पिक्चर बघितल्यासारखं रोज मान वर. दुसरं म्हणजे उष्णता. तासभर आग चालू ठेवून फळीच्या वर किचनमधला थर्मामीटर धरला तर ५२ दाखवला, आणि टीव्हीच्या पुस्तिकेत ४० अंशांच्या वर वापरू नका लिहिलंय. मग निखिल गप्प.

मग महिनाभर टीव्ही जमिनीवर खोक्यावर. भिंतीच्या बरोब्बर मध्यावर ठेवून बघितला तर फायरप्लेसची कड झाकली आणि उजवीकडं मैदान. उजवीकडच्या १० फुटांच्या मध्यावर ठेवला तर दोन पाव्हणे भांडून लांब लांब बसल्यासारखं. मी वहीत चित्रं काढून काढून दमलो. आणि मग एका रात्री, शंभूला झोपवताना, पप्पा, मला उद्यमनगरचं तुमचं लेथ आठवलं. मी सातवीत असेन, डबा द्यायला आलो होतो, तुम्ही लेथच्या फिरत्या चकतीवर, फेसप्लेटवर, एक वाकडा जॉब लावला होतासा, वजन सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला लोखंडाचा एक तुकडा बोल्टनं आवळत होतासा. मी विचारलं हे कशाला तर म्हणालासा, "सेंटर नाय ह्याला, मग वजन तरी बांधायला पाहिजे, नायतर मशीन थरथरतंय." एवढंच. परत कामाला लागलासा. मला तेव्हा काय कळलं नव्हतं, डब्यातली भाकरी गार होतीय एवढंच वाटत होतं.

तर तेच केलं. मध्य शोधायचा नादच सोडला. डावीकडं दगडाचं वजन आहे ना, मग उजवीकडं वजन बांधलं. दगडी ओट्याच्याच उंचीचं, १६ इंचांचं, लांबलचक बुटकं लाकडी कपाट करून घेतलं, ओट्याच्या कडेपासून पार उजव्या कोपऱ्यापर्यंत १० फूट सरळ, म्हणजे खालची रेघ एकच दिसते, दगड संपतो आणि लाकूड सुरू होतं. त्याच्यावर टीव्ही, मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर, डोळ्यांच्या समोर. आणि टीव्हीमागची भिंत गडद निळी रंगवली. आई, ती काळी नाय, निळी आहे, फोटोत काळी दिसते. बंद टीव्ही काळा असतो, तो पांढऱ्या भिंतीवर भोक पडल्यासारखा दिसायचा, आता गडद रंगात तो दिसतच नाय आणि डोळा दगडाकडं जातो. सोफा टीव्हीसमोर ठेवलाय आणि एक फिरती खुर्ची आगीकडं. त्या खुर्चीत पप्पा, कोण बसणार ते मी ठरवून ठेवलंय.

एक घोटाळा झाला ते सांगायचं नव्हतं पण बाळ्याला माहीत आहे म्हणजे तुम्हाला कळणारच. इथल्या भिंती पोकळ असतात, आत दर १६ इंचांवर लाकडाचा उभा दांडा आणि वर जिप्समचा पत्रा, ठोकलं की डबा वाजवल्यासारखं वाजतं. दांडा कुठं आहे ते दाखवायचं एक यंत्र मिळतं. निखिलनं ते न वापरता कानानं ठरवलं. चार भोकं पोकळ जागी. बोट घातलं तर आत थंड वारा लागत होता. पुट्टी भरून मी ती बुजवली, आता टीव्हीमागं आहेत, कुणाला दिसत नाहीत, पण मला माहीत आहेत.

आणि आज ९ तारीख, तिकडं अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव सुरू झाला असेल ना? मावळतीची किरणं आज देवीच्या पायांवर, उद्या छातीवर, परवा मुखावर. ह्यावेळी किरणं पोचली का, का ढगच होते, ते कळवा. आमच्याकडं समोरच्या खिडकीतनं रोजच किरणोत्सव आहे, चार वाजले की ऊन थेट टीव्हीवर आणि सगळी धूळ दिसते, मग पावणेपाचला सूर्यच बुडतो. पडदे मागवलेत. पण मी ते ऊन येतंय तोवर तिथंच बसतो हल्ली, मीटिंग असली तर कॅमेरा बंद करून. खरं म्हणजे छान वाटतंय.

पैशाचं. कपाट सुताराकडनं करून घेतलं त्याचे १,९०० डॉलर झाले. पप्पा, रुपयात करू नका, केलंत तर आईला सांगू नका. हे आधी ठरलेलं होतं, बाळ्याचं लग्न ठरायच्या आधी, आणि निम्मे पैसे देऊन झाले होते, त्यामुळं "भिंतीला पैसे आहेत" असं कुणी म्हणू नये. आत्या म्हणेल. तिला सांगा ठरलेलं होतं. लग्नाला ५ लाख म्हटलं होतं, त्यातले २ ह्या आठवड्यात टाकतो, हॉलचा ॲडव्हान्स आणि जेवणाचं भागवा, बाकीचे इथला टॅक्स परत आला की मार्च-एप्रिलमध्ये. पप्पा, तोवर एफडी मोडू नका. ती गुडघ्याच्या ऑपरेशनची आहे, आणि ते लग्नानंतर म्हणून पुढं ढकललंय ते मला कळलंय. कोणी सांगितलं विचारू नका.

फेब्रुवारीत लग्नाला यायचं नाय हे अजून नक्की नाय असं मी कॉलवर म्हटलं. नक्की आहे. आलो तर परत यायला व्हिसाचा शिक्का नव्यानं मारून घ्यायला लागतो आणि त्याची तारीख मिळत नाय, निखिलच्या ऑफिसात लोकं कमी करायचं चाललंय, तिकडंच अडकलो तर इथला हप्ता कोण भरणार. मी सगळं करून बघितलं. बाळ्याला अजून सांगितलेलं नाय, तुम्ही सांगू नका, मी सांगतो. गडहिंग्लजच्या मंडळींना काय ते तुम्ही सांगा. करवली म्हणून आत्याच्या पूजाला उभं करा, तिची उंची माझ्याएवढीच आहे, माझा शालू आईच्या कपाटात वरच्या खणात आहे, ब्लाऊज फक्त खांद्यात आत घ्यायला लागेल. मी बघणार सगळं कॉलवर, टीव्हीला जोडून, ६५ इंचावर. तिकडं साडेबाराचा मुहूर्त म्हणजे आमच्याकडं रात्रीचा एक, शंभूला पण उठवतो.

आज्जीला नमस्कार. बाळ्याला मिशी काढ म्हणावं.

तुमची,
सोनी

ता.क. फायरप्लेसच्या डावीकडचे ते २ फूट अजून मोकळेच आहेत, तिथं काय लावावं कळत नव्हतं. लग्नात घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढाल ना, तो फोटोवाल्याला उभा काढायला सांगा, आडवा तिथं बसणार नाय, फ्रेम १८ इंचांच्या वर रुंद चालणार नाय. सगळे मावत नसले तर तीन रांगा करा. आज्जी आणि पप्पांना खुर्ची द्या.