बाबा, ते पैसे मी भरणार नाही

रेडिंग, रविवार सकाळ

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल मेतकुटाचा डबा उघडला आणि आत पाकीट सापडलं. २० पाउंडांच्या तीन नोटा, वर बाबांच्या अक्षरात 'पार्किंगचे'. ओट्याशी उभी राहून खूप रडले.

बाबा, त्या संध्याकाळी मी तुमच्यावर ओरडले, "गाडीला हात लावायला कुणी सांगितलं होतं?" ते शब्द अजून मला झोपू देत नाहीत. तुम्ही माझ्यासाठी काच आतून लख्ख पुसलीत. पुसताना काचेमागचं पार्किंगच्या परमिटचं कार्ड उचलून दाराच्या खणात ठेवलंत आणि ते तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी काचेवर पार्किंग कंपनीची नोटीस, पैसे भरा म्हणून. यात तुमची चूक काडीची नाही. आपल्याच जागेत, आपलीच गाडी.

आता मी काय केलंय ते सांगते, पण आधी खुर्चीत नीट बसा. मी पैसे भरलेले नाहीत. १४ दिवसांत भरले असते तर ६० पाउंड होते, आता १०० मागतायत. कंपनीनं पहिलं अपील फेटाळलं, म्हणून परवा पॉप्ला या स्वतंत्र अपील संस्थेकडे सगळे कागद पाठवले. तिथं फी लागत नाही, आणि आपल्या बाजूनं निकाल लागला तर कंपनीला तो मानावाच लागतो.

तुम्ही म्हणत होता, "सरकारी दंड आहे, भरून मोकळी हो." पण हा दंडच नाही. इथली नगरपालिका देते ती पेनल्टी चार्ज नोटीस, आणि ही खासगी कंपनीची पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींना पीसीएनच म्हणतात, म्हणून माणसं घाबरून भरून टाकतात. हा दिवाणी मामला आहे. पोलीस येत नाहीत, तुमच्या पुढच्या व्हिसाशीही त्याचा संबंध नाही. आणि आई, गाडीला जॅमर लावतील ही धास्ती सोड. खासगी जागेत जॅमर लावायला इथं २०१२ पासून बंदी आहे.

१४ नंबरची जागा आमच्या लीजमध्ये नकाशासकट आहे. परमिट लावायचंच, असं त्यात एका ओळीतही नाही. ही पार्किंग कंपनी नंतर आली. तिनं भिंतीवर पाटी ठोकली म्हणून माझा लीजमधला हक्क कमी होत नाही, एवढंच माझं म्हणणं. एक बाई राहत्या इमारतीच्या दाराशी गाडी थांबवून डेस्क उतरवत होत्या, त्यांनाही अशीच नोटीस आली. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात अपिलात त्या जिंकल्या. उलटा निकालही आहे, तुमच्यापासून लपवत नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८५ पाउंडांचा चार्ज योग्य ठरवला. पण ती दुकानांची पार्किंगची जागा होती, कुणाचं घर नव्हतं. कोर्टापर्यंत गेलंच आणि हरले, तर महिन्याच्या आत भरून टाकीन. मग नावावर नोंदही राहत नाही.

मिरजेला तुम्ही दर महिन्याला मीटरचा आकडा खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहायचात. बिल जास्त आलं की मला सायकलच्या दांडीवर बसवून ऑफिसात. मी पेंगायचे, तुमचा एक हात हँडलवर आणि एक माझ्या पोटाभोवती. बिल कमी झाल्याशिवाय तुम्ही परत फिरला नाहीत कधी. मग मी का भरू?

आई, काळजी करू नकोस. घर छान ऊबदार आहे, रोज वरणभात होतो, तू शिवलेली गोधडी माझ्या अंगावर असते. कार्ड आता काचेला चिकटपट्टीनं लावलंय.

आता माझं एक काम. तुमच्या फोनमध्ये आई स्वेटर घालून गाडीपुढे उभी आहे तो फोटो आहे, पायाशी पांढरा १४ दिसतो. तो ईमेलनं पाठवा. व्हॉट्सअॅपवर नको, त्यात तारीख राहत नाही. समोरच्या पोराला बोलवा, स्वतः खटपट करून डोळे शिणवू नका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, आठवेल तेव्हा नाही. बँकेत उन्हाचं जायचं नाही. आणि काकांना यातलं काही सांगू नका, ते उगाच तुम्हाला बोलतील.

पाकीट होतं तिथंच ठेवलंय. दिवाळीनंतर याल तेव्हा त्या पैशांतून आईला बूट घेऊ, चपलेत तिचे पाय गारठत होते.

फोटो आजच पाठवा.

तुमची,
बेबी