जन्मवेळ कोणत्या घड्याळाची?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

येत्या २५ ऑक्टोबरला युरोपातली आणि १ नोव्हेंबरला अमेरिकेतली, उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळे तासभर मागे जातील. लगेच ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. या दिवसांत ‘परदेशातील वाचकांसाठी मुहूर्त’ छापून येतात आणि अनेकदा मुंबईच्या वेळेतून साडेनऊ तास वजा करून न्यूयॉर्कची वेळ दिलेली असते. १ नोव्हेंबरनंतर हा फरक साडेदहा तासांचा होतो, ही झाली एक चूक. दुसरी याहून मोठी. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, म्हणून तो वजाबाकीने मिळतो. अमावास्या भारतात ९ तारखेला दुपारी १२.३२ च्या सुमारास संपेल, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीनंतरचे दोन वाजलेले असतील. प्रदोषकाळ मात्र त्या त्या गावच्या सूर्यास्तावर ठरतो. न्यूयॉर्कला त्या दिवशी सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो. मुंबईच्या प्रदोषातून साडेदहा तास वजा केले तर तिथली सकाळ हाती येते!

मुहूर्त पुढच्या वर्षी नीट छापता येईल. जन्मवेळेतली चूक मात्र पत्रिकेत जन्मभर राहते, म्हणून हे पत्र.

जन्मदाखल्यावर येते ती त्या दिवशी रुग्णालयाच्या भिंतीवर चालू असलेल्या घड्याळाची वेळ. उन्हाळ्यात ते घड्याळ प्रमाणवेळेच्या तासभर पुढे असते. समजा, १५ जुलै २०२४ रोजी शिकागोत सकाळी ६.२० ला बाळ जन्मले. प्रमाणवेळ झाली ५.२०. शिकागो ९० अंश पश्चिम या प्रमाण रेखावृत्ताच्या साधारण २ अंश २१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पूर्वेला आहे. अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने ९ मिनिटे २४ सेकंद मिळवायचे, की स्थानिक वेळ येते ५ वाजून २९ मिनिटे २४ सेकंद. घोटाळा होतो तो सूर्योदय घेताना. त्या दिवशी तिथला सूर्योदय घड्याळाने साडेपाचच्या सुमारास, म्हणजे प्रमाणवेळेने साडेचारला. कोष्टकातला साडेचारचा सूर्योदय आणि दाखल्यावरचे ६.२० एकत्र धरले की दोन घटींचा इष्टकाल, म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा काळ, एकदम साडेचार घटींचा होतो (घटी म्हणजे २४ मिनिटे).

या एका तासाने काय बिघडते? लग्न, म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, सरासरी अर्धी रास पुढे जाते, आणि लंडनसारख्या उत्तरेकडच्या गावी कुंभ, मीन या राशी तासाभराच्या आतच उगवून जातात, तिथे तर लग्नरासच बदलते. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, सरासरी १३ मिनिटांनी पालटतो, म्हणजे तो चार-पाच घरे पुढे जाणार. चंद्र तासाला साधारण अर्धा अंशच चालतो, त्यामुळे नक्षत्र सहसा तेच राहते आणि गुणमेलनात ही चूक लपून जाते. ती दिसते महादशेत, म्हणजे चंद्राच्या नक्षत्रातल्या स्थानावरून ठरणाऱ्या ग्रहांच्या कालखंडांत. शुक्राच्या २० वर्षांच्या दशेत तासाभराने सुमारे १० महिन्यांचा फरक पडतो, केतूच्या ७ वर्षांत साडेतीन महिन्यांचा.

सॉफ्टवेअर हे सगळे आपोआप करते असे सांगितले जाते. बहुतेक वेळा करतेही. पण बाळाच्या आजोबांनी ‘एक तास कमी करून’ वेळ कळवलेली असते, सॉफ्टवेअर आणखी एक तास वजा करते, आणि चूक उलट्या दिशेने कायम राहते. म्हणून दाखल्यावरची वेळ जशीच्या तशी भरावी आणि ‘डेलाइट सेव्हिंग’ची (उन्हाळी तासाची) खूण बरोबर पडली आहे का, एवढे पाहावे. ताळा सोपा आहे. जन्म सूर्योदयाच्या आसपासचा असेल तर रवी लग्नाजवळ दिसला पाहिजे, सूर्यास्ताचा असेल तर सप्तमाजवळ, म्हणजे लग्नासमोरच्या सातव्या घराजवळ.

जुन्या पत्रिकांत नियमच वेगळे होते. अमेरिकेत आजचा नियम (मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला) २००७ पासूनचा. १९८७ ते २००६ पर्यंत घड्याळे एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे जात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येत. १९७४ साली तर ती ६ जानेवारीलाच पुढे गेली होती. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आजही घड्याळ बदलत नाही, आणि इंडियानातले बहुतेक जिल्हे २००६ पर्यंत बदलत नव्हते. ब्रिटनमध्ये २७ ऑक्टोबर १९६८ ते ३१ ऑक्टोबर १९७१ हिवाळ्यातही घड्याळ तासभर पुढेच होते. त्या काळात तिकडे गेलेल्या आपल्या कुटुंबांतली जी मुले डिसेंबर-जानेवारीत जन्मली, त्यांच्या पत्रिका हिवाळा म्हणून तास वजा न करता मांडल्या असतील, तर पुन्हा तपासाव्यात. सिडनीत सगळे उलटे. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ पुढे असते.

आणि हे फक्त परदेशापुरते नाही. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात आपल्याकडेही घड्याळे तासभर पुढे होती. त्यातून मुंबईचा जन्म असेल तर नोंद मुंबईच्या स्थानिक वेळेने, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागच्या वेळेने, केली होती का, हेही विचारावे लागते. आज ऐंशी ओलांडलेल्या कित्येकांच्या पत्रिका या दोन प्रश्नांवर अडतात.

बदलाची रात्र सर्वांत अवघड. २०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, ब्रिटनमधले घड्याळ रात्री एकवरून थेट दोनवर गेले. त्या दिवशी तिथे १.२० ही वेळ आलीच नाही, म्हणून दाखल्यावर ती दिसली तर ते घड्याळ पुढे करायचे राहून गेले होते असे समजावे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. जुळ्यांतले पहिले १.५० ला आणि दुसरे पंधरा मिनिटांनी जन्मले तर दुसऱ्याची वेळ १.०५ लागते, आणि कागदावर धाकटे थोरले ठरते.

तेव्हा परदेशी जन्मलेल्या नातवंडाची वेळ वहीत लिहिताना गाव, दाखल्यावरची वेळ आणि त्या क्षणी भारतात किती वाजले होते, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. फोन आला तेव्हाची आपल्या घड्याळातली वेळ घेऊ नये, जन्माच्या क्षणाची घ्यावी. आपल्या घड्याळात आता उन्हाळी तास नाही, त्यामुळे पुढे कोणालाही हिशेब लावता येतो. शिकागोच्या त्या बाळासाठी ही नोंद अशी होईल : शिकागो, सकाळी ६.२०, भारतात दुपारी ४.५०. दिवाळीचे मुहूर्त छापताना आपण ‘१ नोव्हेंबरनंतरच्या घड्याळाप्रमाणे’ एवढे शब्द आणि गावाचे नाव जरूर द्यावे, ही विनंती.

– पंचांग-गणिताचा एक अभ्यासक, पुणे