एफसी रोडवरचं फुकट पार्किंग बंद करा : आयुक्तसाहेबांना एका दुकानदाराचं खुलं पत्र

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, माझं आपटे रोडच्या भागात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, गिऱ्हाईक म्हणजे जवळजवळ सगळी कॉलेजची पोरं. आमच्यातले दुकानदार पालिकेला लिहितात ते बहुतेक वेळा पे अँड पार्क नको म्हणून. माझं म्हणणं उलटं आहे. एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोड, जेएम (जंगली महाराज) रोड आणि त्यांच्या मधले आपटे रोड, घोले रोड इथे गाडी लावायचे पैसे घ्या, आणि आलेला पैसा याच भागातल्या फुटपाथवर आणि बसवर खर्च करा.

का म्हणतो ते सांगतो. सकाळी दहा-साडेदहाला शटर वर जातात तेव्हाच रस्त्याची कड निम्म्याहून जास्त भरलेली असते, आणि त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतात, त्या असतात दुकानमालकांच्या, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसवाल्यांच्या, क्लासवाल्यांच्या. सकाळी लावलेली गाडी रात्री निघते. मग संध्याकाळी खरेदीला आलेला माणूस काय करणार, तो घिरट्या घालतो, आणि हे दोन्ही रस्ते वन वे असल्यामुळे एक जागा हुकली की गुडलक चौकातून वर पादुका चौकाकडे, तिकडून फिरून जेएमने परत डेक्कनला, आणि मग पुन्हा तेच. संध्याकाळची कोंडी म्हणून आपण जी बघतो तिच्यातल्या बऱ्याच गाड्या कुठेच जात नसतात, जागा शोधत असतात. तासाला पैसे लागले तर दिवसभर गाडी ठेवणारा आपोआप दुसरी सोय बघेल आणि तासाभरासाठी येणाऱ्याला जागा मिळेल. यात दुकानदाराचं नुकसान कुठे आहे?

हे काही नवीन सांगत नाहीये. २०१८ साली पालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, शेवटी पाच रस्त्यांवर आधी प्रयोग करू असं ठरलं. त्यानंतर किती आयुक्त आले आणि गेले, मधे तर नगरसेवकच नव्हते आणि मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता, तरीही आमच्या दारात रोजचं चित्र तेच. धोरण वाईट होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. भांडण फक्त दरावर झालं, पैसे घेऊन आम्हाला देणार काय हे कुणी नीट सांगितलंच नाही.

आता मुलांबद्दल, कारण हा भाग त्यांच्यामुळे आहे. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झालेलं, बीएमसीसी, मॉडर्न, गरवारे, गोखले इन्स्टिट्यूट सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरगावाहून आलेलं पोरगं कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहतं, मेसचे पैसे मोजून देतं, त्याच्या जुन्या ॲक्टिव्हाला कारसारखा दर लावू नका. कारच्या जागेत चार-पाच टू व्हीलर सहज मावतात, दर त्या हिशोबाने ठेवा. आणि दर लावायच्या आधी बस द्या. २०२१ मध्ये पीएमपीने, म्हणजे शहराच्या बससेवेने, पेठांमध्ये 'पुण्यदशम' सुरू केली होती, दहा रुपयांत दिवसभर, छोट्या बस. तशीच बस डेक्कन, एफसी, शिवाजीनगर, जेएम अशी गोल फिरवा, सकाळी सातपासून रात्री मेस बंद होईपर्यंत, दर दहा मिनिटांनी. मेट्रो तर ऑगस्ट २०२३ पासून डेक्कन आणि संभाजी उद्यानापर्यंत आलेलीच आहे, पण ती नदीकाठाला उतरवते, तिथून जेएम ओलांडून एफसीला चढायचं म्हणजे मधला रस्ता चालण्यासारखा पाहिजे ना.

आणि तोच नाहीये. जेएम रोडवर पालिकेने रुंद फुटपाथ केले, बसायला जागा केली, तेव्हा लोक म्हणत होते गाड्या कुठे जाणार, आज तिथे आजी-आजोबा संध्याकाळी बसलेले दिसतात आणि लहान पोरं खेळतात. खरंच चांगलं काम झालं ते, मनापासून सांगतो. पण तिथून घोले रोडला वळा. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, इथे विजेचे डीपी बॉक्स, झाडाचा पार, स्टॉल आणि फुटपाथवर चढवलेल्या गाड्या यातून अंग चोरून जावं लागतं. व्हीलचेअरचा तर विषयच नको. आणि तक्रार करायची कुणाकडे? फुटपाथ पथ विभागाचा, स्टॉल अतिक्रमणचा, गाडी उचलायची ती ट्रॅफिक पोलिसांनी. क्षेत्रीय कार्यालय घोले रोडवरच आहे, तिथे या तिघांसाठी मिळून एक जबाबदार अधिकारी बसवा.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. डेक्कनचे जुने बंगले भराभर पाडले जातायत, नवीन बिल्डिंग उभी राहते, नकाशात खाली पार्किंग दाखवलेलं असतं, आणि दोन वर्षांनी बघावं तर तिथे कुणाचं तरी गोदाम नाहीतर हॉटेलचं किचन. त्या गाड्या मग येतात रस्त्यावर. नवीन पार्किंग टॉवर बांधायच्या आधी हे मंजूर नकाशे काढा आणि एकेक बिल्डिंग तपासा. रस्त्यावर पैसे लागायला लागले की ही तळघरं परत मोकळी करायला मालकांनाही कारण मिळेल.

लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करता, गर्दी उसळते, म्हणजे गाडीशिवाय गिऱ्हाईक येतं हे पालिकेने स्वतःच दाखवलंय. जूनमध्ये कॉलेजं सुरू होतात, त्याच्या आधी आमच्याकडे सुरुवात करा. फक्त एक विनंती, पार्किंगचे दर, बसचं वेळापत्रक आणि पैसा कुठल्या फुटपाथवर खर्च होणार हे तिन्ही एकाच आदेशात येऊ द्या आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्च क्षेत्रीय कार्यालयाच्या बोर्डावर लावा, नाहीतर पुन्हा २०१८ सारखं दरावर भांडण होईल आणि बाकी सगळं राहून जाईल.

आपला,
आपटे रोडवरचा एक दुकानदार