सुन्या, रुपारेलचं ते भांडण मी जिंकलो

ठाणे, रविवार रात्र (सोमवारच म्हण, दीड वाजलाय)

सुन्या,

आठ महिने झाले. तुझे तीन मिस्ड कॉल, दोन व्हॉइस नोट आणि गणपतीत पाठवलेला तो फुटक्या मोदकांचा फोटो, सगळ्याला एकेक अंगठा दाखवून मी मोकळा झालो. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं झालं, आता तिला माझे पांढरे केस स्वच्छ दिसतात आणि ती रोज सांगते. झालं तब्येतीचं.

लिहायला बसलो कारण इथं कुणाला सांगून उपयोग नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली तू चांगलंच करायला गेलास, मनाला का लावून घेतोस. तेच तर ना.

मी जूनपासून सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हस. ज्याने होस्टेलच्या मेसचा हिशोब बुडवला तो आता ६४ फ्लॅटचा हिशोब बघतो. (तो मी बुडवला नव्हता, तुम्ही पाहुणे आणून जेवायचात. असो.)

आमच्याकडे वॉचमन पाच. दोन गेट, दोन पाळ्या, आणि रात्री पार्किंगला एक जास्तीचा. सगळे एजन्सीचे. मागच्या गेटला रात्री मामा असायचे. आधार कार्डावर वय ५८, खरं ६१-६२ तरी असणार. दिवाळीच्या आसपास एकदा उशिरा आलो तर मामा ट्यूबलाइटखाली मोबाईल नाकाला लावून बसलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. म्हणाले साहेब जरा बघा हो किती जमा झाले. बँकेचा मेसेज होता, १६,४०० जमा. मी म्हटलं वा, वेळेवर आला की पगार. तर म्हणाले, "हो, आता उद्या ४,९०० सुपरवायझरला रोख परत द्यायचे."

दर महिन्याला हेच. कागदावर किमान वेतन पूर्ण, पीएफच्या चलनात पूर्ण, बँकेत पूर्ण, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर सुपरवायझर मोटरसायकल चालू ठेवूनच उभा. मामांच्या हातात ११,५००. रोज बारा तास, महिन्याचे तीस दिवस, सुट्टी घेतली की खाडा. मी तिथेच मोबाईलवर भागाकार केला. ३६० तास. तासाला ३२ रुपये. आमच्या कोपऱ्यावर वडापाव २० ला झालाय सुन्या.

आणि डोक्यावर ती टोपी, दोन नंबर मोठी. तुझे अण्णा वॉचमन होते तेव्हा त्यांच्या टोपीत माई वर्तमानपत्राची घडी घालायची तशी यांनी पण घातली होती, घामाने शाई कपाळावर उतरलेली. मी विचारलं नाही, पण युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून कापले असणारच. तेव्हाही कापायचे ना? तूच सांगितलं होतंस.

आता ते रुपारेल कॉलेजच्या कँटीनमधलं भांडण. १९९५. मी टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढल्या आणि म्हटलं, सरकारने मजुरी वर ओढली की माणसं कमी लागणार, साधं आहे. तू म्हणालास या रेषेवर माझा बाप कुठे उभा आहे तेवढं दाखव. आणि ग्लास फेकलास. निसटला म्हणतोस, निसटलेला ग्लास समोरच्या भिंतीवर जात नाही. तीन महिने बोलला नाहीस. मग २०२१ ला त्या अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्डला नोबेल मिळालं तेव्हा रात्री दोनला तुझा मेसेज, नुसतं "आता बोल". आणि वर अभ्यास निघाला तुमच्याच न्यू जर्सीतला! १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरचं ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्वेनियाने नाही केलं, मग कार्ड आणि क्रूगरने दोन्हीकडच्या ४१० बर्गरवाल्यांकडे चौकशी केली तर नोकऱ्या कमी झालेल्याच नाहीत. मी उलट तुला न्यूमार्क आणि वॉशरचं पाठवलं, पगाराच्या नोंदींवरून काढलेलं, नेमकं उलटं सांगणारं. ते तू अजून उघडलेलं नाहीस, माहितीये मला.

तर असा मी, रेषावाला, डिसेंबरात स्पेशल जनरल बॉडी बोलावली. माझा विषय एकच, वॉचमनना कायद्याप्रमाणे पैसे. दुसऱ्या, सरळ व्यवहाराच्या एजन्सीचं कोटेशन आणलं. आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी, पीएफ १३ टक्के, कामगार विम्याचं ईएसआयसी सव्वातीन, बोनस, त्यांचं सर्व्हिस चार्ज, वर १८ टक्के जीएसटी, सगळं धरून माणशी २४,००० च्या आतबाहेर. तीन पाळ्या म्हणजे बदल्यांसकट सात माणसं लागणार. आत्ताचं बिल ८७,५००, नवं १,६८,०००. फ्लॅटमागे महिना साधारण १,२५० जास्त.

मी अभ्यास करून गेलो होतो रे, तुला लाज वाटली नसती. १९५७ च्या श्रम परिषदेपासून सुरुवात केली, की किमान वेतन हवेतून येत नाही, माणशी २,७०० कॅलरी, घराला वर्षाला ७२ यार्ड कापड, कमावणारा १, बायको ०.८, दोन पोरं ०.६ प्रमाणे, म्हणजे एकूण तीन माणसांचं खाणं. तिथेच बी विंगच्या काकू उठल्या, "बायको पॉइंट आठ? कुणी ठरवलं हे?" दहा मिनिटं त्यातच गेली. मग मी १९८२ काढलं. गिरणी संपाचं नाही, त्याच सालचं दुसरं, एशियाडच्या मजुरांची केस, सुप्रीम कोर्ट म्हणालं किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणं ही वेठबिगारीच, राज्यघटनेचं कलम २३. हॉलमध्ये सन्नाटा. मग चेअरमन म्हणाले, "वेठबिगारी काय अहो, दिवाळीला आपण प्रत्येकी पाचशे देतो."

तेवढ्यात एकाने गुगल केलं. "इथे तर रोजचे १७८ लिहिलंय! आपण ३८३ देतोय, डबल!" आता सांगा याला. तो केंद्राचा तळाचा आकडा, २०१७ ला १७६ होता, २०१९ ला १७८ केला, दोन वर्षांत दोन रुपये, आणि तोही राज्यांवर बंधनकारक नव्हता. त्याच २०१९ ला सरकारच्याच सत्पथी समितीने २०१८ च्या किमतीने रोजचे ३७५ सांगितले होते, आठ तासांचे. इकडे आपण सात वर्षांनी बारा तासांचे ३८३ देतोय. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा वेतन कोड लागू झालाय, त्यात तळाच्या आकड्याखाली कुठल्याच राज्याला जाता येणार नाही असं आहे, हेही सांगितलं, पण तोवर सामोसे आले होते.

१,२५० पडलं. हात वर केले ११ जणांनी. त्याच मीटिंगमध्ये लॉबीला इटालियन मार्बल, फ्लॅटमागे ९,०००, दोन मिनिटांत पास. चर्चाच नाही.

आणि आता ऐक, ज्यासाठी एवढं लिहितोय. डी विंगचा एक मुलगा म्हणाला, सर कायद्याप्रमाणेच देऊया, मी तुमच्या बाजूचा आहे, पण मागचं गेट बंद केलं तर? तिथे कार्डाचं कुलूप आणि कॅमेरा. पार्किंगला पण कॅमेरा. मग माणसं किती लागतील? माझं एक्सेल भिंतीवर लावलेलं होतं, सगळे माझ्याकडे बघतायत. मी सातच्या जागी चार टाकलं. एंटर. १,६८,००० चे ९६,०००. फ्लॅटमागे वाढ १३३ रुपये. आणि तो खालचा सेल हिरवा झाला सुन्या, कारण दीडशेच्या आत आलं की हिरवं हो, असं मीच आदल्या रात्री करून ठेवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. चेअरमन म्हणाले, बघा, कायदाही पाळला आणि मेंटेनन्सही वाढला नाही.

कायदा पाळलाच. नव्या एजन्सीत परतीचे पैसे बंद, आठ तास, सुट्टी. पण एजन्सी म्हणाली आम्ही पन्नाशीच्या वर घेत नाही, आणि व्हिजिटरचं ॲप चालवता आलं पाहिजे. पाचातले दोन ठेवले, दोन नवे आणले. नव्यातला एक बी.कॉम. आहे! एवढे पैसे मिळाल्यावर बी.कॉम. येणारच ना गेटवर. हे मी चहात काढलेल्या रेषेत नव्हतं बघ. माणसं कमी होतील एवढंच मी म्हणालो होतो, आधी म्हातारा जाईल हे नव्हतो म्हणालो. ठेवलेल्यांपैकी एकजण आठ तास इथे करून पुढचे आठ समोरच्या हॉस्पिटलच्या पार्किंगला जातो. त्याने आधीच सांगितलं होतं, साहेब आठ तास नको, बारा ठेवा आणि वरच्या चारचे ओव्हरटाइमने द्या. मी त्याला कायदा समजावला होता.

तर भांडण मी जिंकलो का? मजुरी वाढली, नोकऱ्या गेल्या, क्यूईडी, म्हणजे सिद्ध झालं. पण तुझ्या डेव्हिड कार्डचंही चूक वाटत नाही मला आता. बर्गरवाल्याला बर्गर विकायचेच असतात, त्याला माणूस लागतोच. आमच्या ६४ जणांना वॉचमन लागत होता तो निम्मा सलामासाठी, आणि सलाम महागला की कॅमेरा चालतो. तुमच्या न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानेच बंदी आहे ना, १९४९ पासून? मी आलो होतो तेव्हा त्या पंपावरच्या पोऱ्याला बघून हसलो होतो, की अमेरिकेत पण माणूस लागतो काय नळी धरायला. आता हसू येत नाही. त्याला तासाला १५.९२ डॉलर तरी मिळत असतील २०२६ पासून.

आणि खरं सांगू, आमच्याकडे नोकरी मजुरीने गेलीच नाही. १,२५० होते रे त्या हॉलमध्ये. मार्बल बसतंय आता, रोज ग्राइंडरचा आवाज.

मामांना मी सांगितलं. सुपरवायझरने सांगितलं असतं, पण म्हटलं आपणच सांगावं. त्यांनी विचारलं, "म्हंजे पगार वाढला तो माझा नाय का?" मग टोपी काढली, आतली कागदाची घडी खिशात ठेवली, टोपी आणि शिट्टी माझ्या हातात दिली, जमा करा म्हणाले, नाहीतर पैसे कापतील. संक्रांतीला येऊन तिळगूळ देऊन गेले. कळव्याला एका बांधकामावर लागलेत रात्रीचे, बारा तास, १०,००० रोख. म्हणाले तिथे बरं आहे, कुणाची गाडी येत नाही, झोपता येतं.

शिट्टी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जुन्या एजन्सीने मागितलीच नाही.

बरं, तुझं काय? नव्या नोकरीत तो तेलुगू मॅनेजर अजून छळतो का? पोरीला लायसन्स मिळालं ऐकलं, देव तुमच्या हायवेचं भलं करो. वहिनींना सांग मेतकूट पाठवलंय, आईने स्वतः दळलंय, कस्टमवाल्यांनी फोडलं तर पुन्हा पाठवू. घर विकत घेतोयस की नाही एकदाचं?

एक विचारायचंय. ९१ ला अण्णांच्या बिल्डिंगमध्ये इंटरकॉम बसवला आणि त्यांना काढलं, तेव्हा तू चौथ्या मजल्यावर त्या सेक्रेटरीकडे गेला होतास. मी खाली तुझी सायकल धरून उभा होतो. पाच मिनिटांत खाली आलास आणि शिवाजी पार्कपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मी नंतर दोनदा विचारलं, तू जाऊ दे म्हणालास.

काय बोलला होतास त्याला? आणि तो काय म्हणाला? फोन करू नकोस, फोनवर तू विषय बदलतोस. लिही.

तुझा,
बंड्या