मोन्सेरात कबाये एका ओळीत मावत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यावरचा लेख वाचला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला मुलगा जगभर गाजला, हे कितीदा वाचलं तरी आम्हा वाईकरांना बरंच वाटतं. पण 'बार्सिलोना' या त्यांच्या युगुलगीताबद्दल लिहिताना, त्यात त्यांच्यासोबत गायलेल्या मोन्सेरात कबाये यांची बोळवण 'ऑपेरा सोडून पॉपकडे वळलेल्या गायिका' एवढ्यावर केली आहे. ते खरं नाही, आणि ते मनाला लागलं म्हणून हे पत्र.

कबायेबाईंनी ऑपेरा, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटक, सोडला नव्हता. 1933 साली बार्सिलोनात गरिबाघरी जन्मलेल्या या बाई तिथल्याच लिसेऊ संगीत विद्यालयात शिकल्या. मग बाझेल आणि ब्रेमेन इथल्या ऑपेरांमध्ये त्यांनी अनेक वर्षं उमेदवारी केली. 20 एप्रिल 1965 ला न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ठरलेल्या गायिका मेरिलिन हॉर्न गरोदरपणामुळे गाऊ शकणार नव्हत्या. त्यांच्या जागी आयत्या वेळी कबाये उभ्या राहिल्या आणि संगीतकार दोनिझेत्तींचा 'लुक्रेझिया बोर्जा' हा ऑपेरा गायल्या. टाळ्या थांबेनात. त्यांना नुकतीच बत्तीस वर्षं पूर्ण झाली होती.

त्यांचा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी. त्या उंचीवर जोर लावून गाणारे पुष्कळ सापडतात. कबायेबाई तिथे जाऊन आवाज बारीक करायच्या, अगदी कुजबुजीइतका, आणि तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. फ्रान्समधल्या ओरांज इथल्या उघड्या रोमन रंगमंचावर 1974 साली त्या 'नॉर्मा' हा ऑपेरा गायल्या, त्याचं चित्रण जरूर पाहावं. मिस्ट्राल हा तिथला जोरदार वारा सुटलेला, अंगावरचं वस्त्र फडफडतंय, आणि त्यातल्या 'कास्ता दीवा' या गाण्यातला तो लांबलचक स्वर तसूभरही हलत नाही. असा दमसास मी दुसरा ऐकलेला नाही.

हाच गळा 1987 साली मर्क्युरींसोबत गायला. बार्सिलोनातल्या पहिल्या भेटीला मर्क्युरी एका बिनशब्दांच्या गाण्याची टेप घेऊन गेले होते. बाईंनी काही दिवसांतच ते गाणं लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये, आपल्याच मैफलीच्या शेवटी गायलं. पुढे त्याच चालीवर स्पॅनिश शब्दही स्वतः लिहिले, ते 1988 च्या अल्बममध्ये 'एन्सुएन्यो' या नावानं आहे. याला पॉपकडे वळणं कसं म्हणायचं? 'बार्सिलोना' ऐकताना तर स्पष्ट कळतं की त्यांनी आपला आवाज पॉपसारखा केलेला नाही. मर्क्युरी आपल्या पद्धतीनं गातात, त्या आपल्या. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी ते गाणं पुन्हा निघालं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. मर्क्युरी तेव्हा हयात नव्हते.

मला हे लागलं त्याला एक कारण आहे. मी शास्त्रीय गाणं शिकत होते तेव्हा आमच्या आळीच्या गणेशोत्सवात दोन भावगीतं म्हटली. दुसऱ्या दिवशी शिकवणीत सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "गळा बाटवलास." त्यानंतर कित्येक वर्षं मी चारचौघांत भावगीत म्हटलं नाही. भावाच्या कॅसेटवर 'बार्सिलोना' ऐकलं त्या संध्याकाळी, तानपुरा न लावता, स्वयंपाकघरातच पुन्हा गुणगुणायला लागले. आज माझ्याकडे अकरा मुली शिकतात. यमन पक्का झाला की मी त्यांना त्याच रागावर बेतलेली भावगीतं आवर्जून शिकवते, आणि सूर बारीक कसा करायचा हे सांगताना ओरांजचं ते चित्रण दाखवते.

कबायेबाई 6 ऑक्टोबर 2018 ला गेल्या. 12 एप्रिलला त्यांचा जन्मदिवस असतो. त्या सुमारास आपल्या पुरवणीत त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख यावा, आणि त्यात कार्नेगी हॉलच्या त्या रात्रीला 'बार्सिलोना'इतकीच जागा मिळावी, ही विनंती.

आपली,
एक गायन शिक्षिका, वाई