पाळीव पिल्लांचे आजार : औषधाआधी ऊन, ऊब आणि आहार पाहा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर घरी आणलेली कासवाची पिल्ले जुलै-ऑगस्ट उजाडला की पशुवैद्यकांच्या दवाखान्यात येऊ लागतात. कुणाचे डोळे सुजून मिटलेले असतात, कुणी पंधरा दिवस अन्नाला तोंड लावलेले नसते, तर कुणाचे कवच बोटाने दाबले तरी दबते. ‘याला कसला रोग लागला?’ हा मालकांचा पहिला प्रश्न असतो आणि ‘इंजेक्शन देऊन टाका’ ही दुसरी विनंती असते. पशुवैद्यक म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, यांतील बहुतेक पिल्लांच्या दुखण्याचे मूळ त्यांना ठेवलेल्या भांड्यात आणि दिलेल्या अन्नात असते. वाढत्या वयात हाडे, डोळे आणि फुप्फुसे यांची गरज मोठी असते. त्यामुळे पूर्ण वाढलेला प्राणी जी उणीव वर्षभर अंगावर काढतो, ती पिल्लाला काही आठवड्यांत आडवे करते.

आपल्याकडे सर्वाधिक विकले जाणारे कासव म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेले ‘रेड-इअर्ड स्लायडर’. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते दहा रुपयांच्या नाण्याएवढे असते. सोबत प्लास्टिकचे पसरट भांडे, त्यात प्लास्टिकचे नारळाचे झाड आणि वाळवलेल्या कोळंबीची पुडी मिळते. ‘हे एवढेच राहते’ असेही अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात हे कासव वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे सहज जगते. त्याला पोहण्याइतके खोल पाणी, पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण सुकवता येईल अशी जागा आणि त्या जागेवर ऊन लागते. त्या पसरट भांड्यात यांपैकी काहीच नसते.

ऊन नसले म्हणजे काय होते, हे सविस्तर सांगितले पाहिजे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘बी’ गटातील किरण कातडीवर पडले, की शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शिअम आतड्यांतून रक्तात शोषले जाते. ते मिळाले नाही की रक्तातील कॅल्शिअमची पातळी टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेऊ लागते. लहान मुलांत ज्याला आपण मुडदूस म्हणतो, त्याच जातीचा हा विकार आहे. अशा पिल्लाला उचलून कवचाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलकेच दाबली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते आणि बोट काढल्यावर सावकाश वर येते. काही दिवसांच्या अगदी कोवळ्या पिल्लाचे कवच थोडे लवचीक असते, ते स्वाभाविक आहे. पण काही महिन्यांचे कासव हाताला असे लागता कामा नये. पुढे कवचाच्या कडा वर वळतात, खालचा जबडा मऊ पडल्याने खाणे चावता येत नाही आणि पाय थरथरू लागतात.

यावर ‘आम्ही टाकी खिडकीपाशीच ठेवतो’ असे उत्तर हमखास मिळते. मात्र साधी काच हे उपयोगी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण ज्यासाठी ऊन हवे तेच येत नाही. उलट भर उन्हात ठेवलेल्या काचेच्या टाकीतील पाणी इतके तापते की पिल्लू त्यात दगावू शकते. आपल्याकडे वर्षातील आठ महिने सकाळचे कोवळे ऊन फुकट मिळते. उघड्या, अर्धी सावली असलेल्या घमेल्यात, कावळ्या-मांजरांपासून राखण ठेवून अर्धा तास ठेवले तरी मोठा फरक पडतो. पावसाळ्यात मात्र अतिनील किरणांचा खास दिवा लावावा लागतो, आणि तो दिसायला पेटता असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे हे किरण क्षीण होतात, म्हणून तो वेळेवर बदलावा लागतो.

सुजलेल्या डोळ्यांचे कारण निराळे असते. केवळ वाळवलेली कोळंबी किंवा मांसाचे तुकडे खाणाऱ्या पिल्लाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. त्यामुळे डोळ्यांभोवतीच्या ग्रंथी आणि पापण्यांचे आतले अस्तर बिघडते, पापण्या फुगून बंद होतात आणि नजरेने अन्न टिपणाऱ्या या प्राण्याला समोरचे अन्न दिसेनासे होते. मालकाला वाटते, ते झोपले आहे. मग माणसांचे डोळ्यांचे थेंब घातले जातात. औषधाच्या दुकानातून आणलेले ‘अ’ जीवनसत्त्व अंदाजाने टोचणे तर त्याहून घातक, कारण मात्रा जास्त झाली की कातडी सोलून निघते. वजन करून मात्रा ठरवणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. घरच्यांनी आहार सुधारावा. कासवांसाठी तयार मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा आणि अधूनमधून गांडूळ किंवा काट्यासकट छोटा मासा, एवढे पुरते. पालक पौष्टिक म्हणून रोज घालू नये. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शिअमला बांधून ठेवते.

तिसरी तक्रार फुप्फुसांची. सरपटणाऱ्या प्राण्यांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, आणि त्यांची रोगप्रतिकारशक्तीसुद्धा बाहेरच्या तापमानावर चालते. स्लायडरच्या पिल्लाला साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी आणि सुकण्याच्या जागी ३० अंशांच्या वर ऊब लागते. पुण्या-नाशिकच्या थंडीत फरशीवर ठेवलेल्या भांड्यातले पाणी रात्री किती गार होत असेल, हे बोट बुडवून पाहावे. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून मान लांब करून श्वास घेणे आणि पोहताना एका बाजूला कलणे ही न्यूमोनियाची लक्षणे आहेत. एका बाजूचे फुप्फुस भरल्याने ती बाजू जड होते आणि कासव तिरके तरंगते. घरातली मुले त्याला खेळ समजतात; पण हे दिसल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

इग्वाना हा मोठा परदेशी सरडा पाळण्याची हौसही अलीकडे वाढली आहे. त्याच्या पिल्लात कॅल्शिअमची उणीव फसव्या रूपात दिसते. मागच्या मांड्या भरदार, टणक होतात आणि प्राणी धष्टपुष्ट झाला असे वाटते. प्रत्यक्षात आतले हाड पोकळ होत जाते आणि शरीर त्याभोवती तंतुमय ऊती रचून आधार देऊ पाहत असते. अशा इग्वानाचा पाय नुसत्या उडीनेही मोडतो. सरड्यांची व सापांची कात कोरड्या हवेमुळे अर्धवट अडकते, तेव्हा ती ओढून काढू नये. कोमट, ओलसर जागेत ठेवले की ती बहुधा सुटते. बोटाभोवती किंवा शेपटीच्या टोकाला कडे राहिले, तर मात्र रक्तपुरवठा थांबून तो भाग गळून पडतो.

हे वाचून कुणी सगळ्याच पिल्लांना कॅल्शिअमचे औषध पाजू लागेल, म्हणून कुत्र्यांबद्दलही लिहितो. कुत्र्या-मांजरांच्या कातडीत उन्हामुळे ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही; त्यांना ते अन्नातूनच मिळावे लागते. कासवाला तारणारे ऊन इथे कामी येत नाही. नुसता दूधभात किंवा हाडाविना उकडलेले चिकन यावर वाढवलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात, हे खरे. पण लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना संतुलित तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शिअम दिले, तर सांधे बिघडतात आणि पाय वाकडे होतात. लहान वयात त्यांच्या आतड्यांना जादा कॅल्शिअम नाकारता येत नाही. एकाच बाटलीने एका प्राण्याचे पाय सरळ होतात आणि दुसऱ्याचे वाकडे, हे हौशी सल्लागारांनी ध्यानात घ्यावे.

कुत्र्याचे पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी विकू नये, असे केंद्राचे २०१७ चे श्वान-प्रजनन व विक्री नियम सांगतात. तरीही महिनाभराची पिल्ले सर्रास विकली जातात. आईपासून तोडलेले, प्रवासाने थकलेले, आईच्या गर्भातूनच जंत घेऊन आलेले आणि लस न झालेले हे पिल्लू पार्व्हो विषाणूच्या तावडीत सापडले, तर उलट्या आणि रक्ताच्या हगवणीने दोन-तीन दिवसांत हातचे जाते. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून आणि लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण करावे. एक लस टोचली म्हणजे झाले, असे नसते.

दूध हा आपल्या घरांतला सर्व पिल्लांसाठीचा एकच उपाय झाला आहे, आणि तो बहुतेकांना बाधतो. कासवाला दूध पचत नाही. मांजराच्या पोरक्या पिल्लाला गाईचे दूध दिले की हगवण लागते. घरट्यातून पडलेल्या पाखराला दुधात भिजवलेली पोळी भरवणारे हात प्रेमाचे असतात, पण त्याने पाखरू वाचत नाही. आणि ज्याला आईचे पहिले दूध खरोखर हवे असते, त्या वासराला ते वेळेवर मिळत नाही. जार पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, ही समजूत अजून अनेक गोठ्यांत आहे आणि चिकाचा खरवस तर आपल्या सर्वांच्या आवडीचा. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये वासराच्या आतड्यांतून पहिल्या काही तासांतच नीट शोषली जातात. एक दिवस उलटला की ते दार बंद होते. वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पहिल्या काही तासांत, त्यातले पहिले पाजणे शक्यतो जन्मानंतर तासा-दोन तासांत, व्हायला हवे. जार पडण्याची वाट पाहू नये. खरवस त्यानंतर उरलेल्या चिकाचा करावा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्याने नाळ पिकणे व पुढची सांधेसूज टळते.

कासवांकडे परत येतो, कारण त्यात घरातल्या मुलांचाही प्रश्न आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला हे माणसांना हगवण व ताप आणणारे जिवाणू पाण्यात येतात आणि छोटे कासव मुले तोंडाजवळ नेतात. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद आहे. आपल्याकडे नेमकी त्याच आकाराची पिल्ले मुलांच्या हातात दिली जातात. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर कासव आणू नये, आणि ज्यांनी आणले आहे त्यांनी त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. वास्तूसाठी म्हणून तारांकित कासव ठेवणाऱ्यांनी हेही जाणावे की, ते आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते बाळगणे हा गुन्हा आहे. कंटाळा आला म्हणून स्लायडर तळ्यात सोडणे हाही उपाय नाही. परदेशी असलेली ही जात आपल्या कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते.

या पार्श्वभूमीवर माझ्या तीन मागण्या आहेत. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. या नोंदणीच्या तपासणीत मंडळाने प्रत्येक जातीसाठी मराठीतले एक पानी माहितीपत्रक गिऱ्हाइकाला दिले जाते का, हे पाहावे. त्यात पूर्ण वाढलेला आकार, आयुष्य, आहार, तापमान आणि दिव्याची गरज एवढे तरी असावे. दुसरे, पशुसंवर्धन विभागाने सरपटणाऱ्या प्राण्यांवरील उपचारांचे छोटे प्रशिक्षण जिल्हा पातळीवरील पशुवैद्यकांना द्यावे, कारण मुंबई-पुणे सोडले तर अशा प्राण्याला कुठे न्यायचे हे मालकांना कळत नाही. तिसरी मागणी आपल्याकडे : एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, आपल्या दैनिकाने या विषयावर पशुवैद्यकांकडून एक लेख लिहवून घ्यावा.

तोवर ज्यांचे पिल्लू आजारी आहे त्यांनी दवाखान्यात येताना कासव पाण्याच्या बादलीत न आणता ओलसर फडके घातलेल्या, हवा खेळणाऱ्या डब्यात आणावे. सोबत टाकीचे छायाचित्र, दिव्याचे खोके आणि खाद्याची पुडी आणावी. निम्मे निदान तिथेच होते.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक, पुणे